वेगसंकेत, मोटारगाडीतील

मोटारगाडीची चाके किती फिरली व किती वेगाने फिरत आहेत, याची वर्दी गाडीतील निरनिराळ्या यंत्रणांना देणाऱ्या विद्युत् स्पंदांच्या मालिकेस वेगसंकेत म्हणतात. वेगदर्शक (स्पीडोमीटर), अंतरमापक, एंजिनाचे इलेक्ट्रॉनीय नियंत्रण, चाके घसरू न देणारी गतिरोधक यंत्रणा, व्यापारी वाहनांवरील वेगमर्यादक आणि मार्गनिर्देशन यंत्रणा ही सर्व साधने या एकाच संकेतावर किंवा त्याच्या निरनिराळ्या रूपांवर अवलंबून असतात. संकेत बिघडला, तर यांपैकी बहुतेक साधने ते लगेच उघड करतात. वेगदर्शकाचा काटा शून्यावर पडतो किंवा धोक्याचा दिवा लागतो. मार्गनिर्देशन यंत्रणा मात्र असे काही करीत नाही. तिला उपग्रहांकडून दुसरी माहिती मिळत असते आणि त्या माहितीच्या आधारे ती बिघडलेल्या संकेताची उणीव भरून काढते. परिणामी दोष उत्पन्न झाल्यावर कित्येक महिने तो मोटारधारकाच्या लक्षात येत नाही आणि जेव्हा येतो, तेव्हा दोष उपग्रहग्राहकाचा, आकाशकाचा (अँटेनाचा) किंवा नकाशाचा आहे अशी समजूत होते. या दोषाचे निदान कठीण वाटते त्याचे मुख्य कारण हे आहे. विद्युत् मंडल स्वतः फारसे गुंतागुंतीचे नसते.

इतिहास : चाकाच्या फेऱ्या मोजून अंतर काढण्याची कल्पना फार जुनी आहे. रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हिअस यांनी चाकाच्या ठराविक फेऱ्यांनंतर एक खडा पेटीत पाडणाऱ्या अंतरमापकाचे वर्णन केलेले आहे. मोटारगाडीच्या वेगदर्शकासाठी ओटो शुल्ट्से या जर्मन अभियंत्यांनी १९०२ मध्ये एकस्व (पेटंट) घेतले. या वेगदर्शकात गिअरपेटीपासून निघालेली लवचिक तार एक चुंबक फिरविते, चुंबकाभोवतीच्या ॲल्युमिनियमाच्या वाटीत त्यामुळे विद्युत् प्रवाह प्रवर्तित होतात आणि ती वाटी स्प्रिंगेच्या विरोधात काट्यासह वळते. ही रचना इतकी टिकाऊ ठरली की, सु. ऐंशी वर्षे तिच्यात मूलभूत बदल झाला नाही. जुन्या गाड्यांमध्ये ‘स्पीडोमीटरची केबल तुटली’ हे वाक्य सर्वांच्या परिचयाचे होते. केबल तुटली की काटा पडे, दोष डोळ्यांना दिसे व तीच बदलली की काम होई.

गाडीतील मार्गनिर्देशनाची सुरुवात उपग्रहांच्या आधी झाली, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. होंडा या जपानी कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या यंत्रणेत हीलियम वायूच्या झोतावर चालणारी घूर्णी (गायरोस्कोप) गाडीचे वळण मोजी, दुसरा संवेदक अंतर मोजी आणि पारदर्शक नकाशावर गाडीचे स्थान दर्शविले जाई. १९८५ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या एटॅक या यंत्रणेत चाकांवरील संवेदक, होकायंत्र व फितीवर साठविलेला नकाशा यांचा उपयोग केलेला होता. अमेरिकेची जीपीएस ही उपग्रह यंत्रणा १९९५ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाली. तथापि तिच्या नागरी संकेतात हेतुपुरस्सर अचूकतेचा ऱ्हास केलेला असल्यामुळे स्थानात सु. १०० मी.पर्यंत चूक येई. हा ऱ्हास मे २००० मध्ये बंद करण्यात आला. तोवर शहरातील दोन समांतर रस्त्यांपैकी गाडी कोणत्या रस्त्यावर आहे, हे केवळ उपग्रहांवरून सांगता येत नसे. चाकांच्या फेऱ्या आणि घूर्णी यांच्याविना यंत्रणा पंगू ठरे. आता उपग्रहसंकेत चांगला झाल्यामुळे चाकांवरून मिळणारी माहिती दुय्यम समजली जाते. उघड्या आकाशाखाली ते खरेही आहे.

संकेताची निर्मिती : गाडीतील संवेदक मुख्यत्वे दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात कायम चुंबकाभोवती तारेचे वेटोळे असते व त्याच्यासमोरून लोखंडी दंतचक्र फिरते. दाता समोर आला की चुंबकीय स्रोत वाढतो, खाच आली की कमी होतो आणि या बदलामुळे वेटोळ्यात प्रत्यावर्ती दाब उत्पन्न होतो. दाबाची कंप्रता तर वेगाच्या प्रमाणात असतेच, पण दाबाचे मूल्यही वेगाबरोबर वाढते. म्हणजेच गाडी अतिशय मंद चालत असता हा संवेदक जवळजवळ मुका असतो. दुसऱ्या प्रकारात एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामाचा उपयोग करतात. या संवेदकाला बाहेरून विद्युत् पुरवठा द्यावा लागतो. मात्र त्याचा प्रतिसाद मंद वेगालाही पूर्ण उंचीच्या चौकोनी स्पंदांचा असतो. दोन्ही प्रकारांत संवेदक व दाते यांतील फट साधारणतः १ मिमी.च्या आसपास राखावी लागते.

जपानी मानकानुसार वेगदर्शकाचा दंड ताशी ६० किमी. वेगाला मिनिटास ६३७ फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात चार स्पंद ही रूढ योजना धरल्यास एका किमी.ला २,५४८ स्पंद येतात. म्हणजे एका स्पंदामागे गाडी सु. ३९ सेंमी. पुढे सरकते आणि ताशी ६० किमी. वेगाला सेकंदास सु. ४२ स्पंद मिळतात. इतर निर्मात्यांच्या गाड्यांत हा आकडा वेगळा असतो. मार्गनिर्देशन यंत्रणेला तो आधी ठाऊक असण्याची गरज नाही. उघड्या रस्त्यावर उपग्रहांनी दाखविलेले अंतर व मोजलेले स्पंद यांची तुलना करून ती स्वतःच एका स्पंदाची किंमत ठरविते. या क्रियेस अंशशोधन म्हणतात.

नव्या गाड्यांत स्वतंत्र वेगतार बहुधा नसते. प्रत्येक चाकावरील संवेदकाची माहिती गतिरोधक यंत्रणेच्या नियंत्रकाकडे जाते व तेथून ती संख्यांच्या रूपाने कॅन या नावाच्या दोन तारांच्या जालावर सर्वांना उपलब्ध होते. हे जाल जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केले. भारतात मोटारगाड्यांना अशी गतिरोधक यंत्रणा एप्रिल २०१९ पासून सक्तीची झालेली असल्याने चार चाकांवर चार संवेदक ही आता सर्वसाधारण स्थिती आहे.

दोष झाकला कसा जातो : मार्गनिर्देशन यंत्रणा उपग्रहांकडून मिळालेले स्थान, उपग्रहसंकेतांच्या कंप्रतेतील डॉप्लर बदलावरून काढलेला वेग, घूर्णीने मोजलेले वळण आणि वेगसंकेतावरून मोजलेले अंतर या सर्वांचा मेळ घालते. त्यासाठी रूडॉल्फ कालमान यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणिती पद्धतीचा किंवा तिच्या एखाद्या प्रकाराचा उपयोग होतो. या पद्धतीत ज्या साधनावर त्या क्षणी अधिक विश्वास ठेवता येईल, त्याला अधिक भार दिला जातो. उपग्रह चांगले दिसत असता भार त्यांच्याकडे असतो आणि मग वेगतार तुटलेली असली, तरी पडद्यावरील बाण रस्त्यावरून व्यवस्थित सरकत राहतो.

याचे उदाहरण म्हणून पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथून निघालेली एक गाडी घेऊ. कुरकुंभ हे राष्ट्रीय महामार्ग ६५ वर, पुणे-सोलापूर रस्त्यावर वसलेले गाव असून तेथे रासायनिक व औषधी कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. तेथून पुण्याकडे येताना पाटस, वरवंड, चौफुला, यवत, उरुळी कांचन, लोणी काळभोर ही गावे लागतात. हा सर्व मार्ग भीमेच्या खोऱ्यातील सपाट प्रदेशातून जातो. वाटेत बोगदा नाही, खोल घळ नाही. आकाश क्षितिजापर्यंत मोकळे. या मार्गावर रोज ये-जा करणाऱ्या गाडीचा वेगसंकेत बंद पडला, तर मार्गनिर्देशनात काडीचाही फरक दिसणार नाही. हीच गाडी पुढे मुंबईला निघाली की द्रुतगती महामार्गावर कामशेट, खंडाळा, आडोशी, माडप व भातण येथील बोगदे लागतात. ते सु. १ किमी. किंवा त्याहून कमी लांबीचे असल्याने बाण क्षणभर थांबतो, बाहेर येताच उडी मारून पुढे जातो आणि चालक तिकडे दुर्लक्ष करतो. समृद्धी महामार्गाच्या इगतपुरी ते आमणे या २०२५ मध्ये खुल्या झालेल्या टप्प्यात कसारा घाटातील बोगदा सु. पावणेआठ किमी. लांबीचा आहे. येथे दुर्लक्ष करता येत नाही. ताशी ८० किमी. वेगाने हा बोगदा पार करण्यास सु. सहा मिनिटे लागतात. वेगसंकेत नसलेली यंत्रणा बहुधा आत शिरतानाचाच वेग कायम धरते. आत एखाद्या अवजड मालमोटारीमागे गाडीचा वेग ताशी ५० किमी.वर आला, तर यंत्रणेच्या मते गाडी बोगद्याबाहेर पडली त्या क्षणी ती प्रत्यक्षात तोंडापासून जवळजवळ ३ किमी. आत असते. पुढील सूचना त्या कल्पित स्थानाला धरूनच दिल्या जातात.

अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, यूरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू व भारताची नाविक या उपग्रह यंत्रणांपैकी कितीही यंत्रणांचे संकेत घेणारा ग्राहक बसविला, तरी डोंगर सर्वांना सारखाच अडवितो. त्यामुळे ग्राहक बदलून ही तक्रार दूर होत नाही.

लक्षणे : बोगद्यात किंवा तळघरातील वाहनतळावर बाण गोठणे, बाहेर आल्यावर त्याने उडी मारणे, वाहनतळातून निघाल्यावर काही वेळ गाडी शेजारच्या रस्त्यावर दिसणे ही संकेत पूर्ण बंद असल्याची लक्षणे होत. गाडी उभी असता बाण हळूहळू पुढे सरकत असेल, तर संकेतात नसलेले स्पंद मिसळत आहेत असे समजावे. भूसंपर्काची सैल जोडणी, प्रत्यावर्ती जनित्राकडून येणारा गोंगाट किंवा मागाहून बसविलेले निकृष्ट दिवे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. बोगद्यात बाण चालतो, पण गाडीच्या सतत मागे किंवा पुढे राहतो, तेव्हा संकेत शाबूत असून अंशशोधन चुकलेले असते. गाडी मागे घेतल्यानंतरच स्थान चुकत असेल, तर वेगसंकेताला हात न लावता मागे जाण्याच्या दिव्यापासून यंत्रणेकडे येणारी तार तपासावी. ती तुटलेली असल्यास मागे कापलेले अंतर यंत्रणा पुढे मोजते. वेगाप्रमाणे रेडिओचा आवाज आपोआप वाढण्याची सोय गाडीत असेल व ती बंद पडली असेल, तर तोही एक उपयुक्त पुरावा होय. कारण पुष्कळ गाड्यांत ही सोय त्याच तारेवर चालते.

काही तक्रारी वेगसंकेताशी निगडित नसतात. गाडीचा वेगदर्शक ताशी ८५ किमी. दाखवीत असता मार्गनिर्देशन यंत्रणा ८० दाखविते, हा दोष नव्हे. वेगदर्शकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, मात्र खऱ्या वेगाच्या एक दशांशात ४ किमी. मिळवून येईल तितका अधिक दाखविल्यास चालेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या यूरोपीय आर्थिक आयोगाचा विनियम (क्र. ३९) आहे व निर्माते बुद्ध्याच काटा थोडा पुढे ठेवतात. तसेच जीपीएसमधील आठवड्यांची गणती दर १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ रोजी ती दुसऱ्यांदा शून्यावर आल्यावर काही जुन्या यंत्रणांच्या तारखा बिघडल्या. त्या यंत्रणांच्या तारा तपासण्यात अर्थ नाही.

निदान : निदानाचे पहिले तत्त्व असे की, यंत्रणेला उपग्रह दिसू देऊ नयेत. आकाशकाची जोडणी काढावी किंवा गाडी तळघरात न्यावी आणि मग बाणाकडे पाहावे. ही पाच मिनिटांची चाचणी न करता आकाशक, ग्राहक व शेवटी संपूर्ण यंत्रणा या क्रमाने बदल करीत गेल्यास मोटारधारकाचा पुष्कळ पैसा व्यर्थ जातो. महाग भाग आधी बदलून पाहणे ही दुरुस्तीच्या व्यवसायातील वाईट सवय असून वेगसंकेताच्या बाबतीत ती विशेषच महागात पडते, कारण नवी यंत्रणा बसविल्यावर उघड्या रस्त्यावर सर्व काही ठीक चालते व दुरुस्ती झाल्याचा भास होतो.

बहुतेक यंत्रणांत कारागिरांसाठी एक तपासणीचे पान असते. त्यावर दिसणाऱ्या उपग्रहांची संख्या, घूर्णीचे वाचन, मागे जाण्याचा संकेत व वेगस्पंदांची गणती दाखविलेली असते. गाडी काही मीटर ढकलली असता स्पंदांचा आकडा वाढला पाहिजे व गाडी थांबताच तो स्थिर राहिला पाहिजे. आकडा वाढत असेल, तर तारा शाबूत आहेत; अंशशोधनाकडे वळावे. वाढत नसेल, तर वेगदर्शकाकडे पाहावे. तोही बंद असल्यास दोष मुळाशी, म्हणजे संवेदक, दंतचक्र किंवा गतिरोधक नियंत्रक यांत असतो. तो चालू असल्यास दोष वेगदर्शकाच्या पेटीपासून मार्गनिर्देशन यंत्रणेपर्यंतच्या तारेत किंवा जोडणीत असतो. या एका निरीक्षणाने शोधाचे क्षेत्र बरेच आकुंचित होते.

तारेवरील मापनासाठी गाडीचे चालक चाक जॅकने उचलून टेकूवर ठेवावे, उरलेल्या चाकांना अडण्या लावाव्यात आणि चाक हाताने फिरवावे. गाडी केवळ जॅकवर ठेवून हे काम करू नये. बहुमापकाने (मल्टिमीटरने) वेगतार व गाडीचा सांगाडा यांमधील दाब पाहिल्यास तो जवळजवळ शून्य आणि ५ किंवा १२ व्होल्ट यांमध्ये आलटून पालटून बदलताना दिसला पाहिजे. चाक जोरात फिरविले की बहुमापक सरासरी, म्हणजे साधारणपणे निम्मे मूल्य दाखवितो. दोलनदर्शक असल्यास प्रत्येक स्पंदाचा आकार पाहता येतो व एखादा दाता तुटल्यामुळे ठराविक अंतराने गळणारा स्पंदही ओळखता येतो. बहुमापकाला ही गळती दिसत नाही. स्पंद मोजताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : एक चालक चाक जमिनीवर स्थिर व दुसरे हवेत असता, विभेदी दंतचक्रामुळे हवेतील चाकाच्या दोन फेऱ्यांना गिअरपेटीतील संवेदक एका फेऱ्याइतकेच स्पंद देतो. हे न जाणल्यास निम्मे स्पंद हरवले असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

नवख्या कारागिराची नेहमीची फसगत पुढील ठिकाणी होते. पुष्कळ गाड्यांत वेगसंकेत देणारा ट्रँझिस्टर स्वतः दाब उत्पन्न करीत नाही. तो तार केवळ भूसंपर्कास जोडतो व सोडतो. दाब पुरविण्याचे काम संकेत घेणारी यंत्रणा आपल्या आतील रोधकामार्फत करते. मापनासाठी यंत्रणा काढून बाजूला ठेवली की तारेवर काहीच दाब राहत नाही आणि संवेदक निकामी आहे असे वाटते. अशा वेळी तार व विद्युत् पुरवठा यांमध्ये सु. १० किलोओहम रोध जोडून मग मापन करावे. साध्या बल्बचा चाचणी दिवा या तारेला लावू नये. त्याच्या प्रवाहाने आतील ट्रँझिस्टर जळू शकतो व एका दोषाचे दोन होतात. तारांच्या रंगांवरही विसंबू नये. एकाच निर्मात्याच्या दोन वर्षांच्या गाड्यांत रंग बदललेले आढळतात आणि गाडी दुसऱ्याकडून घेतलेली असेल, तर आधीच्या मालकाने कोणती तार कोठे जोडली हे रंग सांगत नाही.

वेटोळ्याच्या संवेदकाचा रोध मोजता येतो. तो अनंत आल्यास वेटोळे तुटले आहे. हॉल परिणामावरील संवेदकाचा रोध मोजण्यात अर्थ नाही. चाकावरील नव्या दोन तारी संवेदकात माहिती दाबाच्या नव्हे, तर प्रवाहाच्या बदलातून पाठविली जाते (सु. ७ व १४ मिलिअँपिअर), म्हणून तेथे प्रवाह मोजावा. कॅन जालाच्या बाबतीत पुरवठा बंद करून दोन तारांमधील रोध पाहतात. जालाच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमाचे रोधक समांतर असल्याने तो ६० ओहम यावयास हवा. १२० ओहम आल्यास एक टोक सुटलेले आहे. जाल ठीक असून गाडीत मागाहून बसविलेली मार्गनिर्देशन यंत्रणा वेग दाखवीत नसेल, तर जालावरील संख्यांचे स्पंदांत रूपांतर करणारी मधली पेटी त्या गाडीसाठी योग्य आहे की नाही, ते तपासावे.

गाडीतील निदानाच्या सोळा टोकांच्या खोबणीला वाचक जोडल्यास एंजिन नियंत्रकाला दिसणारा वेग आकड्यांत मिळतो. वेगसंवेदकाच्या दोषाला पी ०५०० हा सांकेतिक क्रमांक ठरलेला आहे. मात्र नियंत्रकाच्या पुढे, वेगदर्शक ते मार्गनिर्देशन यंत्रणा या शेवटच्या तुकड्यातील तुटीची नोंद नियंत्रकाकडे होत नाही. ‘वाचकात काही दोष आला नाही’ यावरून संकेत शाबूत आहे असे म्हणता येत नाही, ते यामुळेच.

दोषाची कारणे बहुतेक वेळा क्षुल्लक असतात. दौंड, बारामती, शिरूर या उसाच्या पट्ट्यात गळीत हंगामात रस्त्यावर पडणारा काळ्या मातीचा चिखल चाकातील दंतचक्राच्या खाचांत बसून वाळतो. लोखंडी कीस चुंबकाच्या टोकाला चिकटतो व दात्यांच्या कडा संवेदकाला अस्पष्ट होतात. शेतालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या तारा उंदीर कुरतडतात. जोडणीत पाणी शिरून तांब्यावर हिरवा गंज चढतो आणि रासायनिक बाष्पाच्या सान्निध्यात गंजण्याची ही क्रिया जलद होते. खंडित होणारा दोष शोधताना यंत्रणेचे तपासणीचे पान उघडे ठेवून एकेक जोडणी हलविणे ही साधी रीत सर्वांत परिणामकारक आहे.

अंशशोधन : एका स्पंदाची किंमत टायराच्या परिघावर अवलंबून असते. १८५/६५ आर १५ या मापाच्या टायराचा व्यास सु. ६२२ मिमी. भरतो, तर १९५/६५ आर १५ या मापाचा सु. ६३५ मिमी.; फरक सु. २ टक्के. नव्या टायराची नक्षी ६ मिमी. झिजल्यावरही जवळजवळ तितकाच फरक पडतो. कसाऱ्याच्या बोगद्यात २ टक्क्यांची चूक सु. दीडशे मी. होते. म्हणून टायर बदलल्यानंतर यंत्रणेतील जुने अंशशोधन पुसून तिला ते नव्याने करू द्यावे. त्यासाठी सरळ, सपाट व उघडा रस्ता लागतो. पाटस ते यवत यांसारखा रस्ता या कामास उत्तम; घाटात किंवा शहराच्या गर्दीत केलेले अंशशोधन विश्वसनीय नसते. टायरांत योग्य दाबाची हवा भरून महामार्गावरील दहा किमी. दगडांमधील अंतर अंतरमापकाशी ताडून पाहिल्यास एका टक्क्याची चूकही सहज ध्यानात येते.

व्यापारी वाहने : खाजगी गाडीत या दोषाची शिक्षा बहुधा चुकलेल्या वळणापुरती असते. मालवाहू वाहनात ती वेगळी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११८ मध्ये २०१५ साली करण्यात आलेल्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०१५ नंतर निर्माण झालेल्या बहुतेक परिवहन वाहनांना ताशी ८० किमी.चे वेगमर्यादक बसविणे आवश्यक झाले आणि टँकर, डंपर, शाळेच्या बसगाड्या व धोकादायक मालाची वाहने यांच्यासाठी ही मर्यादा ताशी ६० किमी. ठरविण्यात आली. कुरकुंभसारख्या वसाहतीतून द्रावके व आम्ले घेऊन निघणारा टँकर याच वर्गात मोडतो. वेगमर्यादक वेगसंकेत वाचून एंजिनाचा इंधनपुरवठा आवरतो. संकेत खोटा असेल, म्हणजे दहांपैकी चारच स्पंद पोहोचत असतील, तर मर्यादकाच्या दृष्टीने टँकर सावकाश चाललेला असतो व त्याला आवरण्याचे कारण उरत नाही. चांगल्या मर्यादकांत संकेत पूर्ण नाहीसा झाल्याचे ओळखण्याची सोय असते, परंतु अर्धवट संकेत ओळखणे कठीण असते. मार्गनिर्देशनासाठी वेगतारेवर टोचून केलेली जोडणी अशा वेळी घातक ठरू शकते. सैल जोडणी किंवा अयोग्य रोध यांमुळे स्पंदांची उंची घटते आणि त्याच तारेवरील मर्यादकाला काही स्पंद दिसेनासे होतात. टँकरवर मागाहून कोणतेही साधन वेगतारेला जोडल्यास मर्यादकाची चाचणी पुन्हा घ्यावी. ती घेताना मर्यादकाने दाखविलेला वेग गाडीच्या वेगदर्शकाशी ताडणे पुरेसे नाही, कारण दोघांचा उगम एकच आहे. तो उपग्रहांवरून स्वतंत्रपणे मोजलेल्या वेगाशी ताडावा. मार्गनिर्देशनात जो उपग्रह दोष झाकतो, तोच येथे साक्षीदार म्हणून उपयोगी पडतो, मात्र त्याचे वाचन वेगसंकेतात न मिसळता वेगळे ठेवले पाहिजे. साधा भ्रमणध्वनीदेखील या कामास पुरतो.